सिस्टरचा भाऊ

त्या उन्हाळ्यात विहिरींचं पाणी तळाला गेलं आणि तारवाल्याच्या दुकानापुढे जळक्या मोटारींची रांग लागली. पाणी खाली गेलं की मोटार कोरडी फिरते, तापते आणि आतली तार जळून काळीठिक्कर पडते. ती जळकी तार उपसून काढायची आणि नवी भरायची, हा त्याचा धंदा. त्याचं खरं नाव गावानं केव्हाच बाजूला ठेवलं होतं. दुसऱ्याची विहीर आटते तेव्हा याच्या चुलीवर भात शिजतो, असं लोक तोंडावर म्हणायचे आणि तो ऐकून घ्यायचा. खोटं तरी कुठं होतं?

पण मोटारींची रांग कितीही असो, एक बुधवार सोडून दुसऱ्या बुधवारी दुपारी दुकानाला कुलूप लागायचं. एका पिशवीत मैदा, दुसरीत साखर, तुपाचा डबा काखेत, असा तो भर उन्हात रस्त्यानं निघायचा. पारावर बसलेल्यांना तेवढंच निमित्त.

"निघाला बघा. बायको सीमेवर आणि नवरा भट्टीवर."

"अरे, तिला तोफा, याला भट्टीतले पत्रे. वाटणी झालीय त्यांची."

तो मान खाली घालून पुढे जायचा. गावाच्या तोंडाला हात कोण लावणार.

बायको लष्करात नर्स होती. गाव तिला सिस्टर म्हणायचं. सासूही कधी कधी चिडली की सिस्टरच म्हणायची. लग्नाच्या आधीपासूनची नोकरी. आतापर्यंत मोठ्या शहरांतल्या दवाखान्यांत होती, तीनचार महिन्यांनी घरी यायची. थंडीच्या सुरुवातीला तिला पुढच्या इस्पितळात पाठवलं. पुढच्या म्हणजे जिथून जखमी माणूस सरळ आणतात, तिथं. त्यानंतर रविवारी सकाळी फोन. तोही पाच मिनिटांचा, आणि त्यातली दोन मिनिटं खरखरीत जायची.

पहिल्या फोनवर त्यानं विचारलं होतं, "काय पाठवू?"

"काही नको." मग थोडं थांबून, "चहाबरोबर काहीतरी कुरकुरीत असतं ना, तसं. इथं सगळं उकडलेलं."

त्यानं वाण्याकडून बिस्किटांचे चार पुडे आणून पाठवले. पुढच्या रविवारी ती म्हणाली, "पोचले. ही इथंही मिळतात." एवढंच म्हणाली, पण त्याला ते लागलं. आईला विचारलं तर आई म्हणाली, "माझ्या हातून चुलीवर बिस्किटं होणार नाहीत. आणि पुरुषानं असल्या भानगडीत पडूच नये." मग तो भट्टीवाल्याकडे गेला.

भट्टीवाला जाडजूड माणूस. त्याच्या भुवया भट्टीनं कधीच खाल्ल्या होत्या, त्यामुळे तो कायम नवल वाटल्यासारखा दिसायचा. गावाचे पाव तो पहाटे काढायचा. दुपारपर्यंत भट्टीत धग उरायची, ती फुकट जायची. "ये दुपारी," तो म्हणाला. "धग तुझी, कष्ट तुझे. बिघडलं तर नाव माझं घेऊ नको."

पहिल्या पत्र्यावरची बिस्किटं सगळी करपली. दुसऱ्या खेपेची बिस्किटं इतकी कडक झाली की भट्टीवाल्यानं एक उचलून टेबलावर वाजवलं आणि म्हणाला, "यानं मोटारीचा खटका दाबता येईल." तिसऱ्या खेपेला जमलं. तूप आधी हातानं फेसायचं, पांढरं होईतो. मग साखर, चिमूटभर मीठ. मग मैदा, पण मळायचा नाही, नुसता गोळा करायचा. तांब्याच्या तारेनं तारवाल्याची बोटं कायम चिरलेली. त्या चिरांत मीठ आणि साखर गेली की चरचरायची. तो ओठ आवळून गोळा करायचा.

डबा पत्र्याचा. आत कागद, वर कागद, फटीत कापूस. वरून जाड कापड शिवायचं. ते शिवणकाम मात्र आईनं त्याच्याकडून हिसकावून घेतलं. "टाके बघ कसले घातलेस, गोण शिवल्यासारखे," म्हणाली आणि चष्मा लावून बसली. सात वर्षांची चिंगी कापडावर पत्ता लिहायची. पत्ता म्हणजे नुसते आकडे. गाव नाही, रस्ता नाही.

"आईचं घर आकड्यांत आहे?" तिनं एकदा विचारलं.

"हो," आजी म्हणाली, "आणि तुझा बाप त्यातलं एक शून्य."

असे सहा महिने गेले. तेरा डबे गेले. फोनवर ती म्हणायची, "पोचला." कधी म्हणायची, "थोडा चुरा झाला होता, पण चालतं." यापुढे तो विचारायचा नाही.

वैशाखातल्या एका दुपारी दुकानापुढे एक परका माणूस येऊन उभा राहिला. पंचविशीचा, दोन्ही काखांत कुबड्या, डावी विजार गुडघ्याखाली दुमडून पिनेनं टाचलेली. शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. बसथांब्यापासून इथपर्यंत चालत आला होता. तारवाला मोटार पोटाशी धरून आतली तार बसवत होता. शेजारी बाकावर बागवान बसला होता. त्याची संत्र्याची झाडं वाळत चालली होती आणि मोटार घेतल्याशिवाय तो हलणार नव्हता.

"सिस्टरचं घर कुठं?" त्या माणसानं विचारलं.

"हेच," तारवाला म्हणाला. "मागच्या अंगाला."

माणसाचा चेहरा उजळला. कुबडी भिंतीला टेकवून त्यानं हात पुढे केला. "मग दादा, सिस्टरचे भाऊ तुम्हीच! तुमच्या बोटांवरनंच ओळखलं. त्या सांगायच्या, भाऊ मोटारी भरतो, बोटं सगळी कापलेली."

तारवाल्याच्या हातातली तार तशीच राहिली.

माणूस बोलतच होता. इतके दिवस साठवून आणल्यासारखा. "तुमची बिस्किटं दादा, काय सांगू. डबा आला की वॉर्डात कळायचं. सिस्टर एकेकाच्या हातावर ठेवायच्या. ज्याला हात नाही त्याच्या तोंडात. माझ्या शेजारच्या खाटेवर एक होता, त्याला गिळता यायचं नाही. त्याच्या नाकापाशी धरायच्या नुसतं. तो हुंगायचा. म्हणायच्या, माझ्या भावानं केलंय, घे. आम्ही म्हणायचो, सिस्टर, आम्हाला असा भाऊ नाही मिळाला. मला सोडलं तेव्हाच ठरवलं, या माणसाला एकदा भेटून यायचं. दोन बस बदलून आलोय."

बागवानानं घसा खाकरला. एकदा तारवाल्याकडे पाहिलं, एकदा पाहुण्याकडे.

तारवाला मोटार खाली ठेवून उठला. हात फडक्याला पुसले. "हो," तो म्हणाला. "मीच. बसा."

त्यानं स्टूल दिलं, माठातलं पाणी दिलं. आत जाऊन चहा सांगितला आणि आईला म्हणाला, "बाहेर येऊ नको. चिंगीलाही पाठवू नको." आई बघत राहिली. पाहुणा तासभर बसला. आपल्या गावाबद्दल बोलला, लाकडी पाय मिळणार त्याबद्दल बोलला. तारवाला हं हं करत होता. आत काहीतरी फुटेल, याची तो वाट पाहत होता. काही फुटलं नाही. बसची वेळ झाल्यावर तो त्याला सायकलवर मागे बसवून थांब्यापर्यंत सोडून आला. कुबड्या हँडलला आडव्या बांधल्या होत्या. बसमध्ये चढताना माणूस म्हणाला, "नशीबवान आहेत सिस्टर. नवऱ्याचं काही बोलत नाहीत, बहुतेक नसावा. पण भाऊ मिळाला."

"हं," तारवाला म्हणाला.

परत आला तेव्हा बागवान बाकावर नव्हता. मोटार घेतल्याशिवाय उठणार नाही म्हणणारा माणूस उठून गेला होता, म्हणजे बातमी मोटारीपेक्षा जड झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला गेला तर दूधवाला म्हणाला, "या भाऊ." तो हसला नाही, सहज म्हणाल्यासारखं म्हणाला. पारावर मात्र हसले. "काय भाऊ, बहिणीचं पत्र?" न्हाव्याकडे, पिठाच्या गिरणीत, सगळीकडे भाऊ. तारवाला हे नाव चार दिवसांत मागे पडलं. चिडला असता तर लोकांना मजा आली असती. तो चिडला नाही. त्याला चिडायचं होतं, पण राग कुठून काढतात तेच सापडत नव्हतं. मोटारीच्या आतली तार जळते ना, तेव्हा बाहेरून काही दिसत नाही. बटण दाबलं तर आवाज येत नाही, एवढंच.

रविवारी फोन आला. त्यानं विचारलं नाही. चिंगीचा दात पडला, ते सांगितलं. पाणी नाही, ते सांगितलं.

"तुमचा आवाज बसलाय का?" ती म्हणाली.

"उन्हाचं."

बुधवार आला. तो दुकानात बसून राहिला. दुपारी आई दारात आली. हिनंच सहा महिने बायकी धंदे म्हणून नाकं मुरडली होती.

"आज बुधवार."

"माहीत आहे."

"मग?"

"मोटारी पडल्यात."

आई आत गेली. थोड्या वेळानं मागच्या दारानं बाहेर पडली ती डोक्यावर पदर घेऊन, दोन्ही हातांत पिशव्या. त्यानं पाहिलं आणि पाहिलं नाहीसं केलं. तासाभरानं ती लालबुंद होऊन परत आली आणि पिशव्या त्याच्या पुढ्यात आदळल्या.

"भट्टीवाला म्हणतो, प्रमाण मला माहीत नाही, ते तुमच्या पोराच्या हातात आहे. उन्हात हेलपाटा झाला माझा. गाव काय म्हणतंय ते मला कळतं. मला कान आहेत. पण ती तिकडं कशात हात घालून बसलीय देव जाणे. तुला भाऊ म्हणाली, उद्या चुलता म्हणेल. डबा थांबवायचा नाही."

तो गुरुवारी गेला, तोही उशिरा. भट्टीत पुरेशी धग नव्हती, बिस्किटं फिकट निघाली. भट्टीवाल्यानं त्याला भाऊ म्हटलं नाही. नुसती पत्र्याखाली दोन लाकडं जास्त सारली.

पोस्टातली बाई जाड भिंगाचा चष्मा लावून फॉर्म स्वतःच भरायची. डबा तोलला, आकडे उतरवून घेतले. "पाठवणाऱ्याचं नातं?" तिनं विचारलं. दर वेळी ती विचारायची आणि तो नवरा म्हणायचा. आज तो काउंटरच्या लाकडाकडे बघत राहिला. मागे रांगेत कुणीतरी हळूच हसलं. बाईनं चष्म्यावरून मागे पाहिलं, हसणं थांबलं.

"नेहमीचंच लिहू?"

"लिहा."

आषाढ लागता लागता ती रजेवर आली. बारा दिवसांची रजा. बसमधून उतरली तेव्हा चिंगीनं तिला आधी ओळखलंच नाही. केस मानेपर्यंत कापलेले, गालफडं बसलेली, हातांचं कातडं औषधानं धुवून धुवून पांढरं पडलेलं. घरी येऊन तिनं हातपाय धुतले आणि झोपली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपली. चिंगी उंबऱ्यात बसून तिचा श्वास मोजत होती.

ती उठल्यावर त्यानं सकाळीच आणलेला ताजा डबा तिच्यापुढे उघडला. आईनं चहा ठेवला होता. तुपाचा, भाजल्या मैद्याचा वास खोलीभर झाला. ती तोंडावर हात धरून उठली आणि मोरीत जाऊन ओकली. पोटात काही नव्हतं, पाणीच पडलं.

"आत आणू नका ती," मोरीतूनच म्हणाली. "घरात नको."

आईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "इतके महिने माझा पोरगा बोटं फोडून घेतोय, आणि..."

"आई," तो म्हणाला. आणि डबा उचलून दुकानात नेऊन ठेवला.

चौथ्या दिवशी, ऊन उतरल्यावर, ती आपण होऊन दुकानात आली. तो वेढे घालत होता. ती स्टुलावर बसली, तारेचं रीळ तिनं दोन्ही हातांत धरलं आणि तो ओढेल तशी तार सोडू लागली. नवीन लग्न झालेलं तेव्हा अशी बसायची.

"एक माणूस येऊन गेला," तो म्हणाला. "डावा पाय नाही."

रीळ थांबलं. मग पुन्हा फिरू लागलं. "चालतो का तो?"

"कुबड्यांवर. मला म्हणाला, तुम्ही सिस्टरचे भाऊ."

"तुम्ही काय म्हणालात?"

"हो म्हणालो."

तिनं मान हलवली. बोलली ते रिळाकडे बघतच. "पहिला डबा आला ना, तेव्हा मी सांगितलं होतं, नवऱ्यानं केलीत. अगदी मिरवून. कोपऱ्यातल्या खाटेवर एक होता, त्याच्या बायकोचं पत्र यायचं बंद झालेलं. त्याचा हात मी कापडात गुंडाळत होते. तो भिंतीकडे तोंड करून झोपला आणि दोन दिवस जेवला नाही. डॉक्टर मला बोलले. मग मी भाऊ म्हणायला लागले. भावाचं कुणाला काही वाटत नाही. भाऊ सगळ्यांना चालतो."

"मला सांगायचंस."

"पाच मिनिटांत?"

त्यानं वेढा घट्ट केला, कागदाची पट्टी सारली. "गावात मला आता भाऊच म्हणतात."

"राग आला?"

"नाही."

"वाईट वाटलं?"

त्यानं विचार केला. "काहीच आलं नाही. येतंय का ते बघत होतो."

"हं," ती म्हणाली. "मलाही येत नाही." आणि जणू बाजारात भाजी काय भावानं मिळाली ते सांगावं अशा आवाजात, "त्याच्या शेजारच्या खाटेवर एक होता. गिळता न येणारा."

"सांगितलं त्यानं. तू नाकापाशी धरायचीस."

"एका सकाळी धरलं होतं, तेव्हाच गेला. मला कळलं नाही. मी धरूनच उभी. मग लोक आले, त्याला झाकलं. बिस्किट हातात राहिलं माझ्या. वाया कशाला घालवायचं म्हणून मी खाल्लं." तिनं ओठ पुसले. "छान झालं होतं. तेव्हापासून वास सहन होत नाही."

तार संपत आली होती. त्यानं टोक कापलं, पण ती रिकामं रीळ धरून बसली होती.

"मग आता पाठवू नको?" त्यानं विचारलं.

"पाठवा ना. ते वाट बघतात."

"आणि तू?"

"मी वाटते."

त्यानं रीळ तिच्या हातातून काढून घेतलं. तिच्या तळव्यावर त्याच्या कडेचा गोल वळ उठला होता. तो त्यानं अंगठ्यानं चोळला. मोटार जोडली, बटण दाबलं. मोटार चालली.

बारा दिवस गेले. ती भात खायची, झोपायची, चिंगीची वेणी घालायची. वेणी इतकी घट्ट घालायची की पोरीचे डोळे ताणले जायचे. पोर तक्रार करायची नाही. आईनं तिच्या डोक्याला तेल लावून दिलं. उरलेल्या केसांना किती लागणार, वाटीत निम्मं तसंच राहिलं.

निघायच्या दिवशी बसथांब्यावर नेहमीची माणसं होती. बागवानही होता; कुठं तरी निघाला होता किंवा मुद्दाम आला होता. ती बसच्या पायरीवर चढत असताना तो म्हणाला, "काय भाऊ, पोचवायला आलात?"

दोघातिघांनी खाली बघितलं. तारवाल्याच्या हातात तिची बॅग होती. ती पायरीवरच वळली. बागवानाकडे तिनं अशा नजरेनं पाहिलं की त्यानं टोपी काढली आणि मग काढलेल्या टोपीचं काय करायचं ते त्याला सुचेना. ती बोलली मात्र त्याच्याशी नाही.

"अहो," ती म्हणाली, थांब्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "बॅग द्या."

त्यानं दिली. चिंगी हात हलवत राहिली. बस वळणाआड गेल्यावरही धूळ बराच वेळ खाली बसली नाही.

पुढच्या बुधवारी तो भट्टीवर गेला. आभाळ आलं होतं, पण पाऊस पडत नव्हता. अंगाचं नुसतं पाणी होत होतं. भट्टीवाल्यानं धग बघून घेतली.

"किती लावायची?"

"त्या वॉर्डात किती खाटा आहेत ते विचारायचं राहिलं."

"मग दोन पत्रे लाव. खाटा काय, कमी होत नसतात."

त्यानं तूप फेसलं, साखर घातली, मैदा गोळा केला. भट्टीवाल्यानं लांब दांड्याच्या फावड्यानं दोन्ही पत्रे आत सारले. दोघं दाराशी बसून राहिले. वेळ झाल्यावर पत्रे बाहेर आले, रंग नीट आला होता. तारवाल्यानं एक गरम बिस्किट मोडून अर्धं तोंडात टाकलं. चावलं. जीभ फिरवली. पुन्हा चावलं. मग उरलेलं अर्धं त्यानं भट्टीवाल्यापुढे धरलं.

"बघा जरा. गोड आहे का?"

भट्टीवाल्यानं त्याच्याकडे पाहिलं, मग बिस्किट घेऊन सावकाश खाल्लं.

"आहे," तो म्हणाला. "चांगलं गोड आहे."

"मग ठीक," तारवाला म्हणाला, आणि गार व्हायची वाट न बघता एकेक उचलून डब्यात रचायला लागला.